एक फेरी, एक टोपी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक सर. ज्यांच्या हाताखाली मी शिकले आणि ज्यांचा आवाज ऐकला की आजही माझी पाठ आपोआप ताठ होते, त्या प्रमुख पाहुण्या, आमच्या जुन्या मेट्रनबाई. व्यासपीठावर बसलेले आणि मघापासून माझ्या डाव्या हाताकडे बघत असलेले हाडांचे डॉक्टर. समोर बसलेल्या माझ्या सहकारी परिचारिका, वॉर्डातल्या मावशा, मामा, धुलाईतली आणि स्वयंपाकघरातली मंडळी. तिसऱ्या रांगेत खांबाच्या आड बसलेले आमचे हे. आणि ड्यूटी चालू असूनही दाराशी उभं राहून ऐकणाऱ्या सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

बसून बोललं तर चालेल का, असं मी सुरुवातीलाच विचारलं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "सिस्टर, फोटोत बरं दिसत नाही." म्हणून उभी आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत पाय उभे राहायला शिकलेत, आणखी पंधरा मिनिटं काढतील.

मानपत्र फार सुंदर लिहिलंय. ज्यांनी लिहिलं त्यांचे आभार. त्यात 'अथक' हा शब्द तीन वेळा आलाय. अथक सेवा, अथक परिश्रम, आणि शेवटी अथक विणकाम. मी ऐकताना मोजले, कारण मोजायची मला सवयच आहे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण मंडळी, या कागदावर एवढी एक गोष्ट खोटी आहे. मी दमले आहे. आज सकाळपासून नव्हे, बऱ्याच वर्षांपासून.

तर सरांनी मघाशी एक घोषणा केली. "सिस्टर निवृत्त होत आहेत, त्यांच्या सुया नव्हेत. यापुढेही दर महिन्याला पन्नास टोप्या त्या आपल्या बाळकक्षाला देतील, अशी ग्वाही मी त्यांच्या वतीने देतो." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते. आणि पाठोपाठ हा खोका आला. चाळीस गुंडे लोकर, सगळी मऊ, सगळी महाग. इतकी चांगली लोकर मला नोकरीत कधी मिळाली नाही. या खोक्याबद्दल मला काही बोलायचंय. पण ते एकदम बोलायचं धाडस होत नाही, म्हणून जरा लांबून येते. सांभाळून घ्या.

नवीन मुलींना माहीत नसेल म्हणून सांगते. आपल्या वॉर्डात जी बाळं दिवस भरायच्या आत येतात, त्यांचं अंग गरम राहत नाही. सगळी ऊब डोक्यातून निघून जाते. म्हणून आल्या आल्या डोक्यावर टोपी. मी या वॉर्डात आले तेव्हा टोप्या बाहेरून यायच्या, पण त्या धडधाकट बाळांच्या मापाच्या. आमच्या बाळांना त्या थेट हनुवटीपर्यंत यायच्या. मग मी विणायला घेतल्या. माप कसलं घ्यायचं? काचेच्या पेटीतल्या बाळाला उगाच हात लावायचा नाही. एकदा पाहिलं, तर त्या डोक्याचा आकार आणि माझ्या डाव्या मुठीचा आकार जवळजवळ सारखा. बस. तेव्हापासून मूठ हेच माप. टोपी विणायची, मुठीवर चढवून बघायची, बोटांच्या पेरांवर नीट बसली की वॉर्डातल्या खणात टाकायची. एकतीस वर्षांत मोजपट्टी लागली नाही, याचा मला मोठा अभिमान होता.

मोटारसायकल मात्र टोप्यांच्याही आधीची. माझे वडील मेकॅनिक. शाळेतून आले की मी त्यांच्या गॅरेजमध्ये. वेणी घालता येण्याआधी मला चेन चढवता यायची. लग्न ठरताना आमच्या ह्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "मला गाडी चालवता येत नाही." मी म्हटलं, "मागे बसता येतं ना?" ते म्हणाले, "प्रयत्न करीन." छत्तीस वर्षं प्रयत्न चालू आहे. अजूनही वळण आलं की माझी बरगडी धरतात. नका लपू खांबाआड, सगळ्यांना ठाऊक आहे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी गाडी काढायचे. गावाबाहेरचा चढ, वळणं, वर तलावाची भिंत, तिथे चहाची टपरी. एवढीच फेरी, जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. पण त्या सत्तर किलोमीटरांत मी कुणाची सिस्टर नसायचे. हेल्मेटच्या आत कुणी हाक मारू शकत नाही हो. ते सुख काय असतं, हे वॉर्डात काम केलेल्यालाच कळेल.

नोकरीच्या सातव्या वर्षी असाच एक सुट्टीचा दिवस होता. मी तलावावर गेले. परत आले ती थेट दुसऱ्या दिवशी कामावर. तर आदल्या दुपारी जुळी आली होती. खणात टोपी होती एक. एकाच्या डोक्यावर ती घातली होती आणि दुसऱ्याच्या डोक्याला कापसाची घडी, वरून पट्टी गुंडाळलेली. बाळ ठीक होतं. पुढे दोन्ही बाळं घरी गेली, हेही सांगते, नाहीतर तुम्ही काळजी करत बसाल. पण ती पट्टी मला बघवेना. तेवढ्यात मेट्रनबाई फेरीला आल्या. खण उघडला, मिटला, आणि म्हणाल्या, "सिस्टर, भटकायला वेळ मिळतो तुम्हाला. छान आहे."

बाई, तुम्ही हसताय. तुम्हाला आठवतही नसेल. दिवसाला शंभर वाक्यं बोलायचात, त्यातलं एक. दोष मुळीच देत नाही. पण मी ते वाक्य घरी नेलं, आणि त्याच आठवड्यात स्वतःला एक नियम घालून घेतला. एक फेरी, एक टोपी. टोपी विणल्याशिवाय गाडी काढायची नाही, आणि काढलीच तर वरती बसून विणायची, पुरी झाल्याशिवाय खाली उतरायचं नाही.

तुम्हाला वाटेल, किती छान जमवलं हिनं! गेल्या वर्षी आपल्या स्मरणिकेत तसा लेखही आला होता, 'सुई आणि सायलेन्सर'. वाचून मलाही क्षणभर हेवा वाटला त्या बाईचा. खरं कसं होतं ते ऐका. तलावाच्या भिंतीवर मी तलावाकडे पाठ करून बसायचे, कारण उजेड त्या बाजूने यायचा. हे शेजारी, हातात लोकरीचा गुंडा घेऊन. "झालं का?" "दहा ओळी राहिल्यात." "चहा गार होतोय." "होऊ दे." इतकंच आमचं सहलीचं संभाषण. येताना लोक वळणं घेतात, मी टाके मोजायचे. किती झाल्या, उद्या किती लागतील, जुळी आली तर? नियम घातल्यापासून सत्तावीस वर्षं मी त्या तलावावर जातेय. त्या पाण्याचा रंग विचाराल, तर ह्यांना विचारावं लागेल.

एकदा त्या टपरीवर एक तरुण स्वार भेटला. माझी गाडी बघून खूश झाला. म्हणाला, "काकू, एवढी दणकट गाडी, पुढे जात का नाही? पलीकडे उतार मस्त आहे." मी म्हटलं, "टोपी पुरी झालीये, आता घरी." त्याला वाटलं, उन्हानं काकूंच्या डोक्यावर परिणाम झालाय.

आता लेकीचं सांगते. सांगू की नको, असं काल दिवसभर वाटत होतं. पण अर्धवट बोलून खाली बसण्यापेक्षा सगळं बोललेलं बरं.

मला एकच मुलगी. सात वर्षांची असताना तिनं माझ्याकडे टोपी मागितली. पिवळी, वर गोंडा असलेली. तिला वाटायचं, आई जगातल्या सगळ्या बाळांना टोप्या करते, मग आपला नंबर कधीतरी लागेलच. मी पिवळी लोकर आणली. चांगले ऐंशी टाके घातले, मोठ्या मुलीच्या मापाचे. चार बोटं विणून झाली आणि वॉर्डातून निरोप आला, तीन बाळं आलीत, खण रिकामा आहे. घरात दुसरी लोकर नव्हती. मी ती उसवली. त्या एका पिवळ्या टोपीच्या तीन लहान टोप्या झाल्या. लेक समोर बसून बघत होती. म्हणाली, "असू दे, त्यांना थंडी वाजते." किती समजूतदार मूल, असं मी तेव्हा सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटले. पुढे आणखी एकदा असंच झालं. त्यानंतर तिनं मागितली नाही. आणि तिनं मागणं सोडलंय, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

ती आता दोनशे चाळीस किलोमीटरांवर असते. गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. मी आजी झाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पेढे वाटल्यासारखी बातमी मीच वॉर्डभर वाटली होती. मनात म्हटलं, आता ती पिवळी टोपी. उशिरा का होईना, व्याजासकट. उत्तम लोकर आणली, गोंडा केला, आणि रजा मिळेना म्हणून पार्सल करून पाठवली.

चार दिवसांनी लेकीचा फोन. आधी हसत होती. "आई, ही बाहुलीसाठी पाठवलीस का गं?" मी म्हटलं, का? तर म्हणाली, "डोक्यात शिरतच नाहीये. नुसती टाळूवर बसतेय." आणि मग हसताहसता तिचा आवाज बदलला. "तुझ्या हाताला वॉर्डाचंच माप माहीत आहे गं."

मी डाव्या मुठीवर माप घेतलं होतं. सवयीनं. नऊ महिने पूर्ण भरून आलेल्या, गुटगुटीत, माझ्या स्वतःच्या नातीची टोपी मी मुठीवर चढवून बघितली आणि 'बसली' म्हणून पार्सलात घातली. तीस वर्षं टोप्या विणणाऱ्या बाईनं अशी चूक करावी! आणि ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून होणारही नाही. मी म्हटलं, "दुसरी करते, मोठी." ती म्हणाली, "टोपी नको आई. तू ये." मी म्हटलं, येते. त्याला चौदा महिने झाले. मी तीन वेळा गेले, तिन्ही वेळा मुक्काम एक रात्र, आणि तिन्ही वेळा पिशवीत सुया. नात रांगायला लागली तेव्हा मी कोपऱ्यात बसून टोपी पुरी करत होते. मान वर केली तोवर ती दारापर्यंत पोचली होती.

एवढ्यावर भागलं असतं, तरी मी कदाचित आज हा खोका मुकाट्यानं घरी नेला असता. पण सहा महिन्यांपूर्वी आणखी एक झालं. आमची धाकटी सिस्टर, हो, तूच, खाली मान घालू नकोस, सुट्टीवर होती. मी चिकटपट्टी शोधायला तिच्या टेबलाचा खण उघडला. आत माझ्या टोप्या. वीस-बावीस. प्रत्येक टोपीला मागच्या बाजूनं आतून एक चुणी घातलेली, बारीक टाक्यांनी शिवलेली. मला काही कळेना. एक मुठीवर चढवून बघितली. बसली नाही, आवळ होत होती. न शिवलेली माझी ताजी टोपी घेतली, ती नीट बसली. मग मी आपल्या मुठीकडे नीट बघितलं.

अंगठ्याच्या मुळाशी सूज. बोटांच्या सांध्यांवर गाठी. क्लच दाबून दाबून आणि सुया धरून धरून मूठच मोठी झाली होती. आणि मी मोठ्या मनानं तिच्यावर माप घेऊन टोप्या पाठवतेय, त्या बाळांच्या डोळ्यांवर येताहेत, आणि ही पोरगी डबा खायच्या वेळात बसून एकेक टोपी आवळतेय. मला एका शब्दानं बोलली नाही. सुट्टीवरून आली तेव्हा विचारलं, "का नाही सांगितलंस?" तर म्हणे, "सिस्टर, तुम्हाला वाईट वाटलं असतं." वाईट वाटलंच. पण तुझ्यामुळे नव्हे. नातीला घट्ट आणि वॉर्डात सैल. ज्या हाताचा एवढा अभिमान, तो हात दोन्हीकडे चुकत होता, आणि मी अथक विणत होते.

मग या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फोटो काढला, उजेडात धरला, आणि म्हणाले, "सिस्टर, क्लच किंवा सुया. दोन्ही केलं तर वर्षभरात पेलासुद्धा धरता येणार नाही." आणि पुढे म्हणाले, "मोटारसायकल सोडा, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको."

डॉक्टर, तुमचा राग नाही. सगळ्यांनीच तसं धरून चाललंय. सरांनी धरलं, मानपत्र लिहिणाऱ्यांनी धरलं, ज्यांनी वर्गणी काढून ही लोकर आणली त्यांनी धरलं. सहा महिने मीही तेच धरून चालले होते. अठ्ठावन्न वर्षांची बाई दोन्हींतलं एक ठेवणार, तर कुठलं ठेवणार? बाळांची टोपी ठेवणार. त्यात विचारायचं काय?

तर ते विचारायचं राहूनच गेलं होतं. गेल्या आठवड्यात मी स्वतःला विचारलं. आणि म्हणून, सर, तुमची क्षमा मागून, सगळ्यांसमोर सांगते. हा खोका मी घरी नेणार नाही. महिन्याला पन्नास टोप्या मी देणार नाही. पाचही देणार नाही. मी सुया कायमच्या खाली ठेवल्या.

घाबरू नका हो. बाळं उघडी पडणार नाहीत, याची सोय बघूनच बोलतेय. धाकटीनं गेल्या महिन्यात वॉर्डात एक तक्ता लावलाय. इतक्या वजनाचं बाळ, इतके टाके, इतकी लांबी. शेजारी खिळ्याला मोजपट्टी. एकतीस वर्षांत जे मला सुचलं नाही, ते तिनं एका दुपारी केलं. तो तक्ता बघून कुणालाही विणता येतं, त्याला माझी मूठ लागत नाही. धुलाईतल्या दोघी शिकल्या. एक मामा शिकतोय, नाव सांगू नका म्हणाला. हा खोका त्यांचा. आणि माझ्या सुयांची जोडी आहे, हाडासारखी गुळगुळीत झालेली, ती मी अध्यक्षांना देते. सर, शब्द तुम्ही दिलात, तर निदान चार ओळी तुम्ही विणाव्यात. तक्ता सोपा आहे.

हसलात, बरं झालं. मला फार भीती वाटत होती.

ही क्लच ठेवण्याची हौस म्हणजे म्हातारपणी आलेली लहर नव्हे. काल रात्री लेकीला फोन केला होता. म्हटलं, "उद्या निरोप आहे, परवा सकाळी निघते, गाडीनंच येते, बाबा मागे आहेत. पंधरा दिवस राहीन. काय आणू?" मला वाटलं, आता तरी ती काहीतरी मागेल. ती म्हणाली, "काही आणू नकोस. ही हल्ली कुणी दिसलं की दोन्ही हात वर करते, उचल म्हणून. तुझे हात रिकामे असू देत, एवढंच बघ."

डॉक्टर, म्हणून विचारते. हातात जी ताकद उरलीये, ती मला दोनशे चाळीस किलोमीटर पुरवायचीये, आणि पोचल्यावर नऊ किलोचं एक मूल उचलायचंय. तेवढी उरलीये ना? तुम्ही मान हलवलीत. सगळ्यांनी बघितलंय हं.

आता समारोप. या रुग्णालयानं मला काम दिलं, माणसं दिली, आदर दिला. त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. मेट्रनबाई एवढ्या वयात जिने चढून आल्या, त्यांचे विशेष आभार. ते वाक्य मी आज इथेच ठेवून जाते, बाई. हो, मला भटकायला वेळ मिळालाय. ह्यांचे आभार, सत्तावीस वर्षं गुंडा धरल्याबद्दल. उद्यापासून दोन्ही हातांनी माझी बरगडी धरा, तक्रार करणार नाही. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर माझ्या वयाकडे बघून पोटात घाला. ज्या बाळांच्या डोळ्यांवर माझ्या टोप्या आल्या, त्यांची क्षमा मागायला ती इथे नाहीत. आणि जिची पहिली मागायला हवी, तिची मी उद्या संध्याकाळी समोर बसून मागणार आहे.

मानपत्र मी घरी नेते, भिंतीवर लावीन. फक्त ते तीन शब्द खोडायची परवानगी द्या. मी दमलेय, मंडळी. फोटो निघाले असतील तर आता बसते.